उत्पात कशाला म्हणायचं आणि मतभेद कशाला? विकिपीडियावर संपादनं उलटवणाऱ्यांसाठी

ओढ्याकाठी

मराठी विकिपीडियावर लिहिणारी, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी केलेली नासधूस निस्तरण्यात घालवणारी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून हा विषय इथे मांडतेय.

परवा 'अलीकडील बदल' चाळताना दोन संपादनं लागोपाठ दिसली. पहिलं एका छोट्या गावाच्या लेखात. लोकसंख्या १,२४७ होती ती १२,४७० झाली आणि खाली एक ओळ वाढली, की गावातला अमका 'एक नंबर पोरगा' आहे. दुसरं संपादन शिवजन्माचा उल्लेख असलेल्या एका लेखात. १९ फेब्रुवारी १६३० खोडून कुणीतरी १ मार्च १६३० केलं होतं. दोन्ही संपादनं एकाच सदस्याने उलटवली, दोन्हींना कारण एकच लिहिलं, 'उत्पात', आणि दोघांच्या चर्चापानावर (सदस्याला निरोप लिहायच्या पानावर) तोच तयार इशारा चिकटवला: पुन्हा असे केल्यास आपल्याला प्रतिबंधित करण्यात येईल.

पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ या तिथीला ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे १९ फेब्रुवारी येते आणि आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्च. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे हा माणूस गणित करून आला होता. त्याचा बदल होता तसा ठेवता आला नसताच. राज्य शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली, जयंती त्या दिवशी होते, वाचकही तीच शोधत येतो. पण त्याच्या माहितीची जागा तळटिपेत होती. तिथे ती लेखाला शोभली असती. त्याऐवजी त्याला उत्पाती ठरवलं गेलं आणि त्या खात्यावरून पुढे एकही संपादन झालेलं नाही.

विकिपीडियाच्या धोरणात उत्पाताची व्याख्या अगदी नेमकी आहे: विश्वकोशाचं नुकसान करायच्या हेतूने मुद्दाम केलेला बदल. चुकीचा, अडाणी, एकांगी, संदर्भहीन बदलसुद्धा चांगल्या हेतूने केलेला असेल तर तो उत्पात नव्हे. आपल्याकडे मात्र जे आवडलं नाही ते सगळं 'उत्पात' या एका शब्दात जातं. ही सवय मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

---

दगडी पूल

विषय काढलात ते बरं झालं. आधी खऱ्या उत्पाताबद्दल लिहितो, कारण तिथेही आपण घाईत अर्धवट काम करतो.

अख्खं पान कोरं करणं, शिव्या, फोन नंबर, 'xyz'सारखी अक्षरं, हे सगळं सोपं. बऱ्याचदा संपादन गाळणीच (नको ते बदल आपोआप अडवणारे नियम) ते पकडते. त्रासदायक असतो तो आकड्यांचा उत्पात. तुमच्या उदाहरणातली 'एक नंबर पोरगा' ही ओळ कुणीही काढेल. पण तोच बदल दोन टप्प्यांत झाला असेल, आधी लोकसंख्या आणि मग ती ओळ, तर आपण शेवटचं संपादन 'रद्द करा' करतो आणि १२,४७० तसंच राहतं. वर आपण हात लावून गेलेलो असतो, त्यामुळे पुढच्याला वाटतं की पान तपासून झालंय. अशा चुका वर्षानुवर्षं राहतात.

म्हणून माझी पद्धत अशी. 'इतिहास' उघडायचा. या खात्याने किंवा अंकपत्त्याने (आयपी ॲड्रेसने) हात लावण्याआधीची शेवटची आवृत्ती निवडायची, आत्ताच्या आवृत्तीशी तिची तुलना करायची आणि सगळा फरक एकत्र वाचायचा. मधे एखादा सांगकाम्या (बॉट, म्हणजे आपोआप संपादनं करणारं खातं) येऊन वर्ग किंवा दुवा दुरुस्त करून गेलेला असतो, तेव्हा तर हे हवंच, कारण यादीत सर्वांत वर सांगकाम्याचं संपादन दिसतं आणि खालची घाण नजरेतून सुटते. मग त्या सदस्याचं 'योगदान' उघडायचं. एका गावात आकडा बदलणारा शेजारच्या पाच गावांतही बदलून गेलेला असतो. गावांच्या लेखांत २०११च्या जनगणनेचा सहा आकडी स्थल निर्देशांक दिलेला असतो, त्यावरून मूळ आकडा तपासता येतो. स्मरणावर किंवा अंदाजावर दुरुस्ती करू नये.

द्रुतमाघाऱ्याचा, म्हणजे एका कळीत संपादनं उलटवायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती. ती कळ एका झटक्यात काम करते आणि आपल्याला कारण लिहायला जागाच ठेवत नाही. उघड उत्पातासाठी ती ठीक. १ मार्चसारख्या बदलावर ती वापरणं म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायचं नाकारणं.

---

परसबाग

मी विकिपीडियावर नवीन आहे. आमच्या गावच्या देवीच्या यात्रेची तिथी लेखात चुकीची होती. ती मी दुरुस्त केली. अर्ध्या तासात जुनी चुकीची तिथी परत आली आणि मला 'संदर्भहीन मजकूर' असा निरोप. अहो, माझ्या आजोबांच्या आधीपासून आमच्या घराकडे पालखीचा मान आहे. मला कोणता संदर्भ हवा? आणि जी चुकीची तिथी परत ठेवली तिला तरी कुठे संदर्भ होता?

---

ओढ्याकाठी

परसबाग, शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. जुन्या मजकुराला संदर्भ नसेल तर तो केवळ आधीपासून आहे म्हणून खरा ठरत नाही. उलटवणाऱ्याने दोन्ही तिथी काढायला हव्या होत्या, नाहीतर तिथीपुढे 'संदर्भ हवा' हा साचा (तयार खुणेचा मजकूर) लावायला हवा होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा कठीण आहे. तुम्ही सांगता ते खरं असणार, माझा विश्वास आहे. पण उद्या शेजारच्या आळीतला दुसरा मानकरी येऊन वेगळी तिथी लिहील आणि तोही त्याच्या आजोबांचं नाव घेईल. वाचकाला तुम्ही दोघेही माहीत नाही. त्याला पडताळून पाहता येईल असं काहीतरी छापील लागतं. जिल्हा गॅझेटियरमध्ये बऱ्याच यात्रांच्या नोंदी आहेत आणि त्यांतले कित्येक खंड आता आंतरजालावर मोफत वाचता येतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत दर वर्षी यात्रेची बातमी येते. देवस्थानाची छापील पुस्तिका असेल तर तिथीपुरता तोही आधार चालतो. त्यातलं 'जागृत देवस्थान', 'नवसाला पावणारी' हे मात्र घ्यायचं नाही.

---

सह्यकडा

माझा अनुभव नामांतरांचा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ साली, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. शहराच्या लेखाचं शीर्षक बदललं, जुन्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवलं, इथवर चर्चा होऊन सगळं सुरळीत झालं. पण त्यानंतर काही उत्साही मंडळी लेखालेखांत जाऊन जुनं नाव शोधून सरसकट बदलू लागली.

बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्याचं नाव कुणीही बदललेलं नाही. उस्मानाबादी ही शेळीची जात आहे. त्या नावाने ती नोंदलेली आहे, त्या नावाने विकली जाते, पशुवैद्यकीय पुस्तकांत त्या नावाने येते. जुन्या ग्रंथांच्या प्रकाशनस्थळी 'औरंगाबाद' छापलेलं असताना संदर्भात ते बदललं तर तो संदर्भच खोटा ठरतो. निजामाच्या काळातल्या घटनेच्या वाक्यात आजचं नाव घातलं तर वाचकाला काळाचा पत्ता लागत नाही.

ही माणसं उत्पाती नव्हेत. त्यांना आपल्या शहराच्या नावाचा अभिमान आहे आणि ते उघडपणे, स्वतःच्या खात्याने काम करतात. पण नुकसान उत्पाताहून मोठं, कारण एका बैठकीत शे-दीडशे पानं बदललेली असतात. मी एकाला त्याच्या चर्चापानावर शेळीचं आणि बिहारचं उदाहरण देऊन लिहिलं. त्याने त्याच संध्याकाळी स्वतःची निम्मी संपादनं स्वतः मागे घेतली आणि आता तो संदर्भांची दुरुस्ती फार छान करतो. तयार इशारा चिकटवला असता तर हा माणूस आपण गमावला असता.

---

खडीसाखर

+१ सह्यकडा. शेळीचं उदाहरण जपून ठेवतेय.

मी जाती, आडनावं आणि कुळांच्या लेखांवर पहारा ठेवते. तिथे संपादनयुद्ध म्हणजे काय ते रोज दिसतं. 'हा समाज मूळचा क्षत्रिय' असं एक जण लिहितो, दुसरा ते काढतो, पहिला परत घालतो. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की प्रतिबंध लागू शकतो. तीन वेळा करायचा तो हक्क आहे असाही त्याचा अर्थ नाही. दोनदाच करूनही युद्ध चालवल्याबद्दल कारवाई होते.

आता यातली मेख बघा. उघड उत्पात उलटवणं या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे समोरच्याच्या बदलाला 'उत्पात' म्हटलं की मी कितीही वेळा उलटवायला मोकळी आणि तो मात्र चौथ्या वेळी अडकला. त्या शब्दाने मला अधिकार मिळतो. म्हणून धागाकर्तीचा मुद्दा निव्वळ शिष्टाचाराचा नाही. जातींच्या लेखांत दोन्ही बाजू एकमेकांना उत्पाती म्हणतात आणि दोघांनाही वाटतं की आपण नियमात आहोत.

इंग्रजीत असे बरेच लेख आता फक्त ज्यांच्या खात्याला तीस दिवस झालेत आणि ज्यांची पाचशे संपादनं झालीत त्यांनाच बदलता येतात. मराठीत इतके सक्रिय सदस्यच नाहीत, पाचशेची अट घातली तर पान गोठून जाईल. आपल्याकडे उपाय एकच उरतो: पान थोड्या दिवसांसाठी सुरक्षित करायचं, वाद लेखाच्या चर्चापानावर न्यायचा आणि तिथे न सुटला तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर. पान सुरक्षित होतं तेव्हा ते 'चुकीच्या आवृत्तीवर' अडकलं असं हरणाऱ्या बाजूला नेहमी वाटतं. प्रचालकाने (पानं सुरक्षित करायचा, खाती प्रतिबंधित करायचा अधिकार असलेल्या सदस्याने) त्यात पडू नये. आणि जो प्रचालक स्वतः त्या वादात लिहितोय त्याने सुरक्षेची कळ दाबूच नये, दुसऱ्या प्रचालकाला सांगावं.

---

माळावरचा

हे सगळं ठीक आहे, पण काही विषय असे असतात की तिथे 'चर्चापानावर या' हे ऐकून माणसाचं रक्त तापतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून केवढा क्षोभ झाला. महाराष्ट्र सायबरने (राज्याच्या सायबर पोलिसांनी) विकिमीडिया फाउंडेशनला, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेला, नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. ज्यांनी ते लिहिलं त्यांना सदहेतू कसा बहाल करायचा?

---

दगडी पूल

माळावरचा, तो मजकूर वाचून मलाही त्रास झाला होता. पण त्या दिवसांत त्या पानावर काय चाललं होतं तेही मी बघत होतो. शेकडो लोक येत होते आणि 'हे काढा, नाहीतर बघून घेऊ' एवढंच चर्चापानावर लिहून जात होते. त्या लेखातल्या वाक्यांना पुस्तकांचे संदर्भ होते. ते खोडायचं तर त्याहून वजनदार संदर्भ समोर ठेवायला हवे होते, आणि आपल्याकडे ते आहेत. वा. सी. बेंद्रे आणि डॉ. कमल गोखले यांनी मूळ कागदपत्रं तपासून संभाजी महाराजांचं बखरींतून आलेलं चित्र कसं टिकत नाही ते दाखवलं. बखरी कधी लिहिल्या गेल्या, कोणाच्या आश्रयाने लिहिल्या गेल्या, दरबारी फारसी तवारिखांचा कल कुठे होता, हे मुद्दे पृष्ठक्रमांकासह मांडणारी दहा माणसं त्या चर्चापानावर असती तर लेखाचा तोल बदलला असता. मराठी ग्रंथ इंग्रजी विकिपीडियावर संदर्भ म्हणून चालतात. भाषेची अट नाही. उतारा आणि त्याचं भाषांतर दिलं की पुरे.

न्यायालयात जायचा हक्क प्रत्येकाला आहेच. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. त्या खटल्यावरचं विकिपीडियाचं पान काढायचा आदेश झाला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण या सगळ्या काळात लेख सुधारतो तो पुस्तक उघडून बसलेल्या माणसामुळेच.

उलट उदाहरण अर्शदीप सिंगचं. सप्टेंबर २०२२, आशिया चषक, पाकिस्तानविरुद्ध त्याच्या हातून झेल सुटला आणि एका अनामिक अंकपत्त्यावरून त्याच्या इंग्रजी लेखात देशाच्या जागी खलिस्तान घातलं गेलं. तो निखळ उत्पात होता. स्वयंसेवकांनी काही मिनिटांत तो काढला, पान सुरक्षित झालं. तिथे कुणी चर्चा करत बसलं नाही आणि बसायचं कारणही नव्हतं. हयात व्यक्तीबद्दल बदनामीकारक, संदर्भहीन ओळ दिसली की आधी काढायची, मग बोलायचं.

---

माळावरचा

बेंद्रे माझ्याकडे आहेत. पृष्ठक्रमांकासह टिपणं काढायला घेतो. इंग्रजी भाषांतरासाठी कुणाची मदत लागेल.

---

न्यू जर्सीकर

माळावरचा, भाषांतर मी करते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

इथे माझी दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र, त्यामुळे ते पाच-सहा तास 'अलीकडील बदल' मी बघते. त्यातून लक्षात आलेली गोष्ट लिहिते. लहान विकिपीडियांवर लक्ष ठेवणारा जगभरच्या स्वयंसेवकांचा एक गट आहे, आणि त्यांच्या वर सर्व विकिपीडियांवर अधिकार चालणारे 'स्टुअर्ड' असतात. कोऱ्या केलेल्या पानांचा आणि जाहिरातींच्या दुव्यांचा ही माणसं अक्षरशः मिनिटभरात निकाल लावतात. पण त्यांना मराठी येत नाही. 'पान कोरं झालं' हे त्यांना कळतं. सरपंचाचं नाव बदललं, संताच्या समाधीचं गाव बदललं, वाक्यात एक 'नाही' घुसला, हे त्यांना कळू शकत नाही. ते फक्त आपणच पकडू शकतो.

भाषा जाणणारे पुरेसे लोक नसले की काय होतं ते स्कॉट्स विकिपीडियावर २०२० साली उघड झालं. तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. तो बारा वर्षांचा असताना सुरुवात केली होती आणि त्याला स्कॉट्स भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्यं घेऊन शब्दकोशातून शब्द बदलत गेला. हेतू वाईट नव्हता, आणि बातमी फुटल्यावर लोकांनी त्याचा जो छळ केला तो मला अजिबात पटला नाही. इतकी वर्षं शेजारी बसून त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मराठीत आज यंत्रानुवादाचे लेख धडाधड येतात, 'तो जन्मला होता पुणेमध्ये' छापाचे. टाकणारा उत्पाती नसतो. पण ते तसेच राहिले तर मराठी वाचक पाठ फिरवेल.

याची दुसरी बाजू क्रोएशियन विकिपीडिया. तिथे काही प्रचालकांच्या गटाने दशकभर ताबा ठेवला, अतिउजव्या विचारांना आणि इतिहासाच्या विपर्यासाला जागा दिली आणि विरोध करणाऱ्यांना प्रतिबंध करून बाहेर काढलं. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सदस्यसंख्या कमी असली की चार माणसांचं मत हेच 'समाजाचं मत' ठरतं. म्हणून खडीसाखर म्हणतात त्या वाक्याखाली मी सही करते: वादात असलेल्या प्रचालकाने कळ दाबू नये.

---

सह्यकडा

एक भर. उत्पात वेळेत सापडला नाही तर तो संदर्भ घेऊन परत येतो. आपल्या लेखातला चुकीचा आकडा एखादं वर्तमानपत्र उचलतं, मग कुणीतरी त्याच बातमीचा संदर्भ लेखाला जोडतं आणि ती चूक पक्की होते. गावांच्या, किल्ल्यांच्या लेखांत मी हे पाहिलंय. किल्ल्याची उंची बातमीतून घेण्याआधी ती बातमी आणि आपल्या लेखातली ती ओळ यांत आधी कोण आलं हे इतिहासात बघा.

अमेरिकेत २००५ साली जॉन सीगनथॉलर या ज्येष्ठ पत्रकाराच्या लेखात कुणीतरी त्यांचा केनेडी हत्येशी संबंध जोडला होता. ती ओळ चार महिने तशीच राहिली आणि इतर संकेतस्थळांनीही ती उचलली. इंग्रजीत अनामिकांना नवीन लेख तयार करायची बंदी त्यानंतर आली.

---

परसबाग

गॅझेटियर सापडलं! आमच्या गावची यात्रा त्यात आहे आणि तिथी मी लिहिलेलीच आहे. पान क्रमांकासह परत घातली. या वेळी टिकली.

---

ओढ्याकाठी

वा, परसबाग! तुमची पुढची संपादनं वाचायला आवडेल.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून एक ठोस काम सुचतंय. आपले तयार इशारे बहुतेक उत्पातासाठी आहेत. चुकलेल्या पण भल्या हेतूच्या संपादनासाठी नीट समजावून सांगणारा निरोप मला दिसला नाही, म्हणून लोक हाताशी आहे तोच चिकटवतात. असा निरोप चावडीवर मांडायचा विचार आहे. मसुदा:

'नमस्कार. आपण ____ या लेखात केलेला बदल मी सध्या मागे घेतला आहे, कारण ____. आपली माहिती चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. तिला पडताळता येईल असा संदर्भ हवा आहे. लेखाच्या चर्चापानावर मी याबद्दल लिहिले आहे, तेथे आपण जरूर यावे. संदर्भ मिळाल्यास तो लेखात जोडण्यासाठी मी मदत करेन.'

कारणाची जागा रिकामी सोडून निरोप जतनच होऊ नये, अशी सोय साच्यात करता येईल का?

---

दगडी पूल

करता येईल. कारण दिलं नाही तर साचा लाल अक्षरांत चूक दाखवेल, तेवढं सोपं आहे. जतन अडवायचं असेल तर गाळणीत नियम घालावा लागेल, त्यासाठी प्रचालक हवा. आज रात्री धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून बघतो.

मसुद्यात एक बदल सुचवतो. 'आपली माहिती चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही' हे प्रत्येक वेळी खरं नसेल. बिहारचं छत्रपती संभाजीनगर चुकीचंच आहे. ते वाक्य ऐच्छिक ठेवू.

---

खडीसाखर

आणि 'मी मदत करेन' असं लिहिलं तर खरंच करायची. निरोप चिकटवणाऱ्याने ते चर्चापान आपल्या पहाऱ्याच्या सूचीत टाकावं, ही ओळ साच्याच्या वापरसूचनेत घाला. चावडीवर कौल लावलात की इथे दुवा द्या.